वाचकांचे प्रश्न : सांडपाणी आणि अतिवाहक चुंबक

प्रश्न : आमच्या सांडपाण्यात रंग आणि बारीक गाळ आहे, लोखंड अजिबात नाही. अतिवाहक चुंबकाने ते स्वच्छ होईल का?

उत्तर : नुसत्या चुंबकाने नाही, मग तो अतिवाहक, म्हणजे अतिथंड तारेतून विनाविरोध वीज वाहवून बनवलेला जोरदार चुंबक असला तरी. त्या गाळाला आधी चुंबकाने ओढला जाण्याजोगा करावा लागतो. त्यासाठी मॅग्नेटाइटची (चुंबकाला चिकटणाऱ्या काळ्या लोहखनिजाची) बारीक पूड आणि पॉलिॲल्युमिनियम क्लोराइडसारखे गाळ साकळवणारे रसायन वापरतात. खरी किल्ली इथेच आहे. चुंबकाची चौकशी करण्याआधी बीकरमध्ये चाचणी घ्या.

१ लिटर पाण्याचा सामू (pH) ७ ते ८ वर आणा. सुरुवातीला १०० मिलिग्रॅम रसायन आणि ३०० मिलिग्रॅम मॅग्नेटाइट टाका, मग मात्रा कमीजास्त करून पाहा. मिनिटाला २०० फेऱ्यांनी २ मिनिटे, नंतर ४० फेऱ्यांनी १० मिनिटे ढवळा. मग बीकर निओडिमियम चुंबकावर (छोट्या पण जोरदार कायम चुंबकावर) मिनिटभर ठेवा.

काळी पूड तळाशी बसली आणि वरचे पाणी गढूळच राहिले, तर पूड गाळात गुंतलेलीच नाही. अशा वेळी मॅग्नेटाइट वाढवण्याचा मोह होतो, पण दोष सामूत किंवा रसायनाच्या मात्रेत असतो. पाणी नितळ पण रंगीत राहिले, तर रंग विरघळलेला आहे. त्यावर चुंबकाचा इलाज नाही, अधिशोषणासारखी (कोळशासारख्या पदार्थाच्या पृष्ठभागावर रंग धरून ठेवणारी) वेगळी प्रक्रिया हवी. आणखी एक : गाळ आणि पूड यांच्या गुठळ्या तयार झाल्यानंतरच्या वाटेवर वेगवान पंप बसवू नका. पंख्यात त्या फुटतात आणि बीकरमध्ये जमलेले प्रत्यक्षात फसते.

प्रश्न : मग साधा चुंबक का नको?

उत्तर : मॅग्नेटाइट घातलेल्या गाळाला तो बहुधा पुरतो, आणि पुरत असेल तर तोच घ्यावा. लोखंडी गाभ्याचा विद्युतचुंबक साधारण २ टेस्लाच्या (टेस्ला : चुंबकीय क्षेत्राच्या जोराचे एकक) आसपास अडतो, कारण लोखंडच संपृक्त होते, म्हणजे त्याहून फारसे चुंबकित होऊ शकत नाही. फेरिक हायड्रॉक्साइडसारखे क्षीण चुंबकीय कण पकडायचे असतील, किंवा भरपूर पाणी वेगाने न्यायचे असेल, तर ३ ते ५ टेस्लाचे अतिवाहक वेटोळे कामाला येते. त्यातली नायोबियम-टायटॅनियमची तार ४ केल्विनच्या (सुमारे उणे २६९ अंश सेल्सियसच्या) आसपास ठेवावी लागते. वेटोळ्यात वीज जवळजवळ वाया जात नाही. खर्च होते ती थंडाव्यासाठी, क्रायोकूलरच्या (अतिथंड करणाऱ्या यंत्राच्या) कॉम्प्रेसरला.

प्रश्न : चुंबकाच्या क्षेत्रात गाळ धरणारी स्टीलच्या लोकरीची जाळी तुंबल्यावर चुंबक बंद करून धुवायचा का?

उत्तर : दर वेळी नको. अतिवाहक वेटोळ्यातला प्रवाह हळूहळूच चढवावा-उतरवावा लागतो. घाई केली तर तार तापून अतिवाहकता जाते. म्हणून स्टीलच्या लोकरीने भरलेला डबाच क्षेत्राबाहेर सरकवून पाणी आणि हवेच्या उलट्या झोताने धुतात. तोवर जोडीचा दुसरा डबा आत काम करतो. जोडीमुळे डब्यांवरच्या चुंबकाच्या ओढीचा तोलही सांभाळला जातो.

धुतल्यावरही दाब उतरत नसेल, तर तेल किंवा धागे लोकरीत अडकले आहेत. ते मॅग्नेटाइट टाकण्याच्या आधीच काढायला हवे होते. द्रव हेलियमचे यंत्र असेल, तर हेलियम बाहेर सोडणारी नळी थेट इमारतीबाहेर न्या : वायू होताना तो सुमारे ७०० पट फुगतो आणि बंद खोलीत जीव गुदमरतो.