‘व्हिंज’ला घाबरून गप्प राहू नकोस

तू विचारलंस, “दादा, मेलबर्नच्या इंटरव्ह्यूत सुपरवायझर म्हणाला, आमच्याकडे व्हिंजर, म्हणजे सतत कुरकुर करणारे, चालत नाहीत. तिथे तक्रार केली की नोकरी जाते का?” सातपूर एमआयडीसीतली चांगली चालू नोकरी सोडून निघालायस, त्यामुळे प्रश्न अगदी रास्त आहे. सविस्तर सांगतो, कारण याच शब्दाच्या धाकाने मी पहिलं वर्ष उगाच सोसत काढलं.

आपल्याला शाळेत ‘कम्प्लेन’ शिकवतात, फार तर ‘ग्रम्बल’. ‘व्हिंज’ ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाकडचा, अमेरिकेत तो क्वचितच ऐकू येतो. शब्द जुन्या इंग्रजीतला आहे. जर्मनमधला त्याचा सख्खा भाऊ ‘विन्सेल्न’ आजही कुत्र्याच्या कुंईकुंईसाठी वापरतात. अर्थ त्यातच आला. पंचवटीत आमची आजी म्हणायची ना, “काय सकाळपासून किरकिर लावलीयस!” तीच किरकिर, तेच रडगाणं. उपाय नकोच असतो, नुसता सूर लावायचा असतो.

ऑस्ट्रेलियात या शब्दाला जरा जास्त धार आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने इंग्लंडमधून माणसं बोलावली, मोठ्या माणसाला प्रवासखर्च फक्त १० पौंड. त्यातले काहीजण इथल्या उकाड्यापासून घरापर्यंत सगळ्याला नावं ठेवायचे. ‘व्हिंजिंग पॉम’ ही शिवी त्यांना चिकटली ती आजतागायत. पॉम म्हणजे इंग्रज. बाहेरून येऊन कुरकुर करणारा इथे आवडत नाही, हे खरं आहे आणि ते लक्षात ठेव. सुपरवायझरला एवढंच म्हणायचं होतं.

पण चहाच्या सुट्टीत, तिला कारखान्यांत ‘स्मोको’ म्हणतात, सगळेच हवामानावर, फुटबॉलवर, ट्रेनवर मनसोक्त व्हिंज करतात. ‘हॅविंग अ व्हिंज’ म्हटलं की त्यात आपलेपणा असतो. तूही कर. फक्त पहिल्याच महिन्यात “आमच्या नाशिकला असं नसतं” हे पालुपद नको.

आणि ‘कम्प्लेंट’ हे प्रकरणच निराळं. मराठीत आपण गुडघ्याची तक्रार म्हणतो आणि पोलिसात तक्रार असंही म्हणतो. इंग्रजीत ‘कम्प्लेंट’चे हेच दोन अर्थ आहेत. (तान्ह्या बाळांच्या ग्राइप वॉटरमधला ‘ग्राइप’ही तसाच: आधी अर्थ पोटातला मुरडा, पुढे कुरकुर.) कम्प्लेंट नोंदवली जाते, तिला उत्तर द्यावं लागतं.

माझा पहिला जुलै सांगतो, म्हणजे इथला ऐन हिवाळा. भाड्याच्या घरातला हीटर बंद पडला. मी तीन आठवडे दोन स्वेटर घालून झोपलो आणि भेटेल त्याला थंडीबद्दल सांगत राहिलो. घरमालकाच्या एजंटला मात्र चकार शब्द नाही. मी नवखा माणूस, एजंटला व्हिंजर वाटलो तर? शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी टेबलाशी बसवून ईमेल लिहून घेतला. चार ओळी: हीटर कोणत्या तारखेपासून बंद, मॉडेल कोणतं, सोबत फोटो, दुरुस्तीला कधी येताय. मी “तसदीबद्दल क्षमस्व” असं घातलं होतं, ते त्यांनी खोडायला लावलं. तिसऱ्या दिवशी माणूस हीटर दुरुस्त करून गेला. त्या एजंटला माझा राग आलेला कधीच दिसला नाही, उलट पुढे त्याने घराचा करारही वाढवून दिला.

आपल्याला ‘चालतंय’ म्हणायची सवय असते आणि पोरं त्यातच फसतात. ओव्हरटाइमचे पैसे कमी आले तरी गप्प बसतात, मग खोलीवर येऊन आपसात रडतात. तू तसं करू नकोस. इथे पगारानंतर एका कामाच्या दिवसात पे-स्लिप मिळणं हा कायदा आहे. आली की तास मोजून बघ. फरक दिसला तर सुपरवायझरला सरळ विचार: “अमुक तारखेचे तीन तास दिसत नाहीत, तपासाल का?” याला कुणी व्हिंज म्हणत नाही. दाद लागली नाही तर फेअर वर्क ऑम्बड्समन हे सरकारी कार्यालय आहे, नंबर १३ १३ ९४. इंग्रजीत अडलास तर १३१ ४५० वर दुभाष्या मिळतो. दोन्ही नंबर विमानात बसण्याआधी फोनमध्ये साठवून ठेव, आणि पहिली पे-स्लिप आली की मला पाठव, आपण दोघं मिळून बघू.