ए, बी की सी? अमेरिकेत मोटरहोम घेण्याआधी

तुम्ही विचारलंय की उन्हाळ्यात तुम्ही चौघं टेक्सासला येताय, पुढे आईबाबाही सहा महिने राहायला येतील, तर सगळ्यांनी मिळून फिरायला क्लास ए, बी, सी यांतलं कोणतं मोटरहोम, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, घ्यावं? बी म्हणजे मधला आकार ना?

नाही. ए सर्वांत मोठं, सी मधलं आणि बी सर्वांत लहान. अक्षरावरून एवढंच कळतं की घर कोणत्या सांगाड्यावर बांधलंय. दर्जाशी त्याचा संबंध नाही.

बी म्हणजे स्प्रिंटर, ट्रान्झिट किंवा प्रोमास्टरसारखी तयार व्हॅन, आतून घर केलेली. चालवायला सोपी, दोघांना उत्तम, पण सहा जणांनी तिचा विचारच करू नये. लहान म्हणून स्वस्त असेल असंही समजू नका. नवी बी कित्येकदा नव्या सीपेक्षा महाग निघते.

ए बसच्या किंवा ट्रकच्या उघड्या चासीवर, म्हणजे नुसत्या सांगाड्यावर, बांधतात. समोर सपाट मोठी काच, आत ऐसपैस, लांबी 45 फुटांपर्यंत. ज्यांचं डिझेल इंजिन मागे असतं त्यांना इथे डिझेल पुशर म्हणतात. टेक्सासमध्ये गाडीचं कमाल मान्य वजन 26,000 पौंडांच्या वर गेलं की चालकाला क्लास बी लायसन्स लागतं. लायसन्सचा क्लास बी आणि मोटरहोमचा क्लास बी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तिथे गोंधळू नका. शिवाय एवढं धूड घेऊन किराणा आणायला जाता येत नाही, म्हणून लोक मागे छोटी गाडी ओढत नेतात. नवख्या माणसाने यात पडू नये असं माझं ठाम मत आहे.

तुमच्यासाठी सी. पुढे व्हॅनची केबिन तशीच, बहुतेक वेळा फोर्ड ई-450 ची, मागे घर आणि केबिनच्या डोक्यावर पलंग. मुलं तो पलंग सोडायला तयार होत नाहीत. ‘बी प्लस’ नावाचा वेगळा वर्ग नाही, बहुधा लहान सीलाच विक्रेते तसं म्हणतात.

पण वर्ग ठरला म्हणजे काम झालं नाही. जाहिरातीत ‘सहा जण झोपतात’ लिहिलेलं असतं. सीटबेल्ट चारच असू शकतात. 2009 नंतरच्या मोटरहोममध्ये दाराच्या आतल्या बाजूला एक लेबल असतं. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल आणि बेल्ट असलेल्या जागा किती, हे दोन्ही त्यावर लिहिलेलं असतं. मी तरी पलंग आणि स्वयंपाकघर बघण्याआधी तेच वाचतो. तुम्ही सहा जण मिळून साधारण 800 पौंड धरा. पाणी गॅलनला 8.3 पौंड, म्हणजे 40 गॅलनची टाकी भरली की 332. झाले 1,132, आणि कपडे, भांडी, खुर्च्या अजून चढायच्याच आहेत. मुलांची कार सीट आडव्या सोफ्यावर बसवायची नसते, तेव्हा समोर तोंड असलेल्या जागा वेगळ्या मोजा.

जुनं घेणार असाल तर पाण्याला घाबरा. आमच्या पहिल्या गाडीचं छत सांध्यातून गळत होतं, विकणाऱ्याने ते लपवलं आणि भिंत आतून कुजलेली निघाली. कोपऱ्यांत जमीन पायाखाली दबते का, बाहेरच्या भिंतीला फुगे आलेत का, ते हात लावून बघा. टायरवर डीओटी (DOT) या अक्षरांपुढे छापलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं: 3519 म्हणजे 2019 चा 35 वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी टायर म्हातारा होतो.

लांबीचंही भान ठेवा. मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या डोंगरी भागात 21 फुटांपेक्षा लांब वाहन नेता येत नाही. तिथे बहुतेक सी बाहेर ठेवूनच जावं लागतं.

आल्याआल्या विकत घेऊ नका. आईबाबा आले की एक सी चार दिवस भाड्याने घ्या आणि त्यांना पायऱ्या चढता येतात का, रात्री त्या अरुंद बाथरूमपर्यंत जाता येतं का, ते आधी बघा.