'आंकोर' आणि आपला 'वन्स मोअर'

प्रश्न : पणजीतील एका पियानोवादनाच्या मैफलीत शेवटी टाळ्या थांबेनात, तेव्हा वादकाने आणखी एक छोटी रचना ऐकवली. शेजारचे गृहस्थ तिला 'आंकोर' म्हणाले. आपला 'वन्स मोअर' तो हाच का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : शब्द फ्रेंच आहे आणि 'पुन्हा', 'अजून' हा त्याचा अर्थ, परंतु फ्रेंच रसिक स्वतः अशा वेळी 'आंकोर' न म्हणता 'बिस' म्हणतात. 'बिस' हा मूळचा लॅटिन शब्द, अर्थ 'दोनदा', आणि संस्कृतातील 'द्विः' त्याचा सख्खा भाऊबंद. पोर्तुगीजांतही तोच आहे, फक्त उच्चार 'बिश' असा होतो, त्यामुळे गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्या वडीलधाऱ्यांना तो परका वाटणार नाही.

'आंकोर'ला आजचे स्थान इंग्रजांनी दिले. लंडनच्या 'स्पेक्टेटर' पत्रात १७१२ मध्येच अशी नोंद सापडते की, गाणे आवडले म्हणजे मंडळी 'आंकोर' असे ओरडतात आणि गायक तेच गाणे पुन्हा म्हणतो. यातला 'तेच' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण ऐकलेली रचना कार्यक्रम संपल्यानंतरची, वेगळी होती. मूळ रिवाज मात्र खेळ चालू असतानाच आवडलेले गाणे पुन्हा म्हणवून घेण्याचा होता. व्हिएन्नात १७८६ मध्ये संगीतकार मोझार्टच्या 'फिगारो' या संगीतिकेच्या (ऑपेराच्या) प्रयोगांत अशा फर्माइशी इतक्या वाढल्या की, एकाहून अधिक गायकांनी मिळून म्हणायची गाणी पुन्हा म्हणू नयेत, असा हुकूम सम्राट दुसऱ्या जोसेफने काढला.

हा जुना रिवाज आपल्या संगीत नाटकाने जपला आहे. बालगंधर्वांच्या काळात 'वन्स मोअर' घेत घेत नाटके पहाटेपर्यंत चालत, आणि दीनानाथ मंगेशकरांच्या या भूमीत देवळाच्या उत्सवातील नाटकांतही ही हाक ऐकू येते. पद संपवून नट संवादाकडे वळलेला असतो, समोरचे पात्र उत्तर द्यायला तोंड उघडते, एवढ्यात मागच्या रांगेतून 'वन्स मोअर' येतो. मग ऑर्गनवाला सूर धरतो, तबलजी हातोडी खाली ठेवून ठेका लावतो आणि नट ध्रुवपदापासून तेच पद उचलतो. म्हणून 'आंकोर'च्या मूळ अर्थाशी पियानोवादकाच्या त्या जादा रचनेपेक्षा आपला 'वन्स मोअर' अधिक जवळचा आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन.