दिवाळीनंतर पुण्याच्या आसपास एमटीबीसाठी ट्रेल कुठे आणि कसे शोधायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की कोथरूडला नवीन राहायला आलोय, हार्डटेल एमटीबी (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाईक) घेतलीय, आजवर फक्त डांबरावर चालवली, आता थंडी पडायला लागलीय तर जवळपासचे कच्चे ट्रेल बघायचेत, सुरुवात कुठून करू आणि हा सीझन बरोबर आहे का.

सीझन बरोबर आहे, पण दिवाळी ते नाताळ ह्या दीड-दोन महिन्यांत एकच वाट तीनदा बदलते हे आधी डोक्यात घ्या. पाऊस संपल्या संपल्या ओढ्याकाठची काळी माती अजून ओली असते, त्यातून गुरं जातात, खुरांचे खड्डे पडतात आणि मग ऊन लागलं की ते तसेच्या तसे कडक होतात, त्यावरून सायकल नेली की दात वाजतात अक्षरशः. नंतर नोव्हेंबरच्या मध्याला मस्त काळ येतो, मुरूम वरून सुका आणि खालून थोडा दमट असतो, टायर असा काही धरतो की चढावर उभं राहून पॅडल मारलं तरी मागचं चाक घसरत नाही. आणि डिसेंबर संपत आला की तोच मुरूम सुटतो, बारीक माती उडून जाते आणि कडक जमिनीवर फक्त गोल खडे उरतात, म्हणजे फरशीवर ज्वारी सांडलीय आणि त्यावरून तुम्ही चालताय असं समजा. ट्रेकवाले ह्याला घसारा म्हणतात. त्यामुळे माझं मत असं की दहा ठिकाणं शोधत फिरू नका, एकच टेकडी पकडा आणि तिथेच दर आठवड्याला जा, जमीन वाचायला तिथेच शिकाल.

कोथरूडकरांसाठी ती टेकडी म्हणजे अर्थातच वेताळ टेकडी. शहरातल्या सगळ्यात उंच जागांपैकी एक आहे ती, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर, वर वेताळाचं देऊळ आणि बाजूला जुनी दगडाची खाण. पौड रोडकडून एआरएआय ह्या वाहन संशोधन संस्थेच्या रस्त्याने वर चढता येतं, लॉ कॉलेज रोडच्या कांचन गल्लीतून येता येतं, पाषाणच्या पंचवटीकडून पण. वरचा भाग बराचसा सपाट आणि रुंद आहे म्हणून नवीन माणसाला बरा, आणि तिथून खाली फुटणाऱ्या पायवाटा हळूहळू अवघड होत जातात. एक मात्र आहे, सकाळी ६ ते ८:३० तिथे चालणाऱ्यांची जत्रा असते, त्या वेळी सायकल घेऊन उतारावरून सुसाट येणं म्हणजे शिव्या खायची कामं, आणि काका-काकूंचं काही चुकत नाही त्यात. ९ नंतर जा किंवा सुट्टी असेल तर दुपारी, डिसेंबरमध्ये दुपारचं ऊन काही मारत नाही. समोरून कोणी आलं तर तुम्ही थांबा, पाय टेकवा, जमलं तर नमस्कार करा, पुढच्या वेळी तेच काका तुम्हाला वाट दाखवतात. आणि ही वनखात्याची जागा आहे, गार्ड म्हणाला इकडून नका जाऊ तर वाद न घालता वळा.

बाणेर-पाषाणची टेकडी पण अशीच, तुकाईच्या देवळाकडून वर जायचं. जरा छोटी आहे, पण सलग चढ-उताराची प्रॅक्टिस छान होते. एनडीएच्या बाजूला नकाशावर कितीही सुंदर वाटा दिसल्या तरी तिकडे जायचं नाही, ती लष्कराची हद्द आहे, संपला विषय.

आता शोधायचं कसं. स्ट्राव्हा ॲपचा हीटमॅप उघडा, म्हणजे लोक कुठून जास्त जातात ते दाखवणारा नकाशा, पण त्यात सायकलच्या, पळणाऱ्यांच्या आणि चालणाऱ्यांच्या वाटा वेगवेगळ्या बघता येतात ते बघा, नाहीतर चालणाऱ्यांची रेघ पकडून जाल आणि पुढे दगडाच्या पायऱ्या निघतील, सायकल खांद्यावर. सॅटेलाइट फोटो बघताना गुगल अर्थमध्ये जुन्या तारखांवर जा आणि एप्रिल-मेचा फोटो निवडा, पावसाळ्यातल्या फोटोत सगळं हिरवंगार असतं आणि वाटा गवताखाली लपलेल्या असतात, उन्हाळ्यातल्या फोटोत त्याच वाटा पांढऱ्या रेघांसारख्या स्पष्ट दिसतात. आणि सगळ्यात भारी माहिती गुराख्याकडे असते, त्याला विचारा ही वाट खाली कुठे निघते, तो सांगेल त्यावर ॲपपेक्षा जास्त भरवसा ठेवा. गुरांच्या वाटा बहुतेक वेळा चढाला आडव्या, हळूहळू वर जाणाऱ्या असतात, त्या सायकलला चालतात. माणसांच्या शॉर्टकट वाटा सरळ अंगावर येतात, त्या नाही.

ह्याच दिवसांत एक फसवी गोष्ट दिसते. वणवा पसरू नये म्हणून वनखातं गवत कापून किंवा जाळून पट्टे तयार करतं, जाळरेषा म्हणतात त्याला. लांबून तो पट्टा एक नंबर ट्रेल वाटतो, पण तो उतार वगैरे बघून काढलेला नसतो, सरळ डोंगराच्या नाकाडावरून खाली सुटतो आणि त्यावर कापलेल्या गवताचे खुंट असतात.

आणि वाट सोडून गवतात घुसू नका, ही ह्या उत्तरातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. नोव्हेंबरात गवत कमरेएवढं असतं, आणि आपल्या बहुतेक टेकड्यांवर पाणी अडवायला आडवे चर खणलेले आहेत, गुडघाभर खोल, एकाच पातळीत, एकामागे एक. गवत उभं असताना ते चर दिसतच नाहीत, पुढचं चाक आत गेलं की माणूस हँडलवरून पलीकडे. फेब्रुवारीत गवत आडवं झाल्यावर तीच जागा बघा, अंगावर काटा येईल. शिवाय माळावर चंडोल, रातवा असले पक्षी जमिनीवरच बसतात आणि घरटीही जमिनीवरच करतात, आपण त्यांच्या अंगावरून चाक न्यायचं काही कारण नाही.

कुसळांबद्दल कोणी आधी सांगत नाही म्हणून सांगतो. वाळलेल्या कुसळाला एक लांब शेपटी असते, ती दमट हवेत आणि कोरड्या हवेत पिळा देते-सोडते, असं करत करत ते बी जमिनीत स्वतःला स्क्रूसारखं आत घालतं. तुमच्या मोज्यातही ते नेमकं तेच करतं. सकाळी दवात चालवायला सुरू केली आणि मग ऊन आलं की तासाभरात घोट्याला टोचायला लागतं, ओढून काढायला गेलं की टोक आत तुटतं. घोट्याच्या वरपर्यंत येणारे घट्ट विणीचे मोजे घाला, सुती ढगळ मोजे नकोच. घरी आल्यावर मागच्या डिरेलरच्या (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) छोट्या चाकांत गुंडाळलेलं गवत पण काढा, चेन उड्या का मारतेय म्हणून गिअर पिळत बसाल उगाच.

पंक्चर दोन प्रकारचे, बाभळीचा काटा आणि सराटे. बाभळीचा काटा टायरमधून आरपार जातो आणि बाहेरच्या बाजूला तुटतो, बाहेरून काहीच दिसत नाही, तुम्ही नवीन ट्यूब टाकता आणि १०० मीटरवर परत फुस्स. म्हणून ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून फडकं फिरवा, बोट नको, फडकं. जिथे धागा अडकेल तिथे काटा आहे, पकडीने आतल्या बाजूने ओढा. टायर ट्यूबलेस-रेडी (ट्यूबशिवाय चालणारा) असेल तर पहिला खर्च सीलंटवर, म्हणजे आतून भोक बुजवणाऱ्या द्रवावर करा, नवीन गिअरवर नाही. दुकानातला माणूस तुम्हाला ४०-५० पीएसआय हवा भरून देईल कारण त्याच्याकडे सगळे रोडवाले येतात. २.२ इंची टायर आणि सत्तरेक किलो वजन असेल तर ट्यूबवर ३० च्या आसपास, ट्यूबलेसला २४-२५ ठेवून बघा, मुरमावर फरक लगेच कळतो.

उतारावर ब्रेक वळायच्या आधी, सरळ असतानाच लावायचे, वळणात बोटं फक्त ठेवलेली. सुट्या खड्यांवर वळता वळता पुढचा ब्रेक दाबला की सायकल खालून निघून जाते. सीट खाली करा, पॅडल समान पातळीवर, कंबर मागे. एवढं जमेपर्यंत बाकी टेक्निक वगैरे यूट्यूबवर बघायची गरज नाही.

महिनाभराने हात बसला की बोपदेव घाटाकडे जा. घाट चढून वर गेलं की कानिफनाथाचा डोंगर, आणि तिथून दिवे घाटाच्या बाजूने माथ्यावरून जाणं हा वेगळाच प्रकार आहे, खाली मस्तानी तलाव दिसतो, वारा असला तर मात्र सायकल ढकलतो. तिकडे शेताच्या बांधावरून सायकल न्यायची नाही, ज्वारी उभी असते. दिवाळीनंतर धनगर मेंढरं घेऊन कोकणाकडे निघालेले असतात, कळप दिसला की लांबूनच उतरा आणि सायकल तुमच्या आणि कुत्र्यांच्या मधे धरून चालत जा. कुत्री पळत्या चाकाच्या मागे लागतात, चालत्या माणसाला सहसा भुंकून सोडतात. आणि कोणी कात्रज-सिंहगड हा डोंगरमाथ्यावरचा लांब ट्रेक सायकलवर करू म्हणालं तर त्याला आधी एकदा चालत पाठवा.

एकट्याने जायचं का असं तुम्ही शेवटी विचारलंय. वेताळला दिवसा एकट्याने चालेल, कानिफनाथला दोघं तरी असा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सूर्य ६ ला मावळतो आणि झाडीत त्याच्या आधीच अंधारतं, पुण्याच्या कडेला आता बिबट्या दिसल्याच्या बातम्या पण वारंवार येतात, तेव्हा ५:३० ला डांबरावर आलेलं बरं. निघताना घरी वाट सांगून जा, फोनची लोकेशन चालू ठेवा, पाणी दोन बाटल्या, आणि फुल सस्पेन्शन घेऊ का हा प्रश्न पुढच्या दिवाळीपर्यंत डोक्यातून काढून टाका, आत्ता त्या पैशात हेल्मेट, हातमोजे आणि दोन जास्तीच्या ट्यूब घ्या.