आधी नेक बघ, मग रंग

अनेक आशीर्वाद.

तुला घ्यायची आहे त्या जुन्या बेस गिटारचा फोटो पाहिला. सनबर्स्ट रंग झकास आहे, वाद नाही. पण फोटोत नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, नेहमी सरळच दिसतो.

शनिवारी वाशीला जाशील तेव्हा मित्राला बरोबर ने, कारण तपासायला तिसरा हात लागतो. जाड 'ई' तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) एकाच वेळी दाबून धर. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं. दोन-तीन कार्डं आरामात गेली तर नेक वाकलाय. तेवढ्याने सौदा मोडू नकोस. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरतंच. ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) पाव फेरा आवळला की बहुतेक वेळा ताळ्यावर येतं. खरा प्रश्न रॉड फिरतो का, हा. विकणाऱ्यालाच ॲलन की (षटकोनी चावी) लावून फिरवायला सांग. त्याने आढेवेढे घेतले, तर चहा पिऊन सरळ परत ये.

व्हॉल्यूमची खरखर क्लीनर मारला की बहुधा जाते. जॅक (वायर लावायचं भोक) हलवल्यावर आवाज तुटत असेल तर तेवढे पैसे कमी करून घे.

प्रिसिजन की जॅझ, हे विचारलंस. दोन्ही फेंडर कंपनीची मॉडेलं; पहिलं बाजारात आलं 1951 साली, दुसरं 1960 साली. लांबी दोघांची 34 इंच, पण जॅझचा नेक नटपाशी (वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी) निमुळता, साधारण 38 मिलिमीटर. तुझी बोटं आखूड आहेत, जॅझ घे. पाच तारांचा नाद आत्ता नको. त्या नादापायी मी माझा पहिला बेस विकला, आणि पाचव्या तारेवर वर्षभरात चार सूर वाजवले असतील.

ॲम्पवर फार खर्च करू नकोस, हेडफोन घे. खुल्या 'ई'चा सूर 41 हर्ट्झचा. मोबाइलच्या स्पीकरमधून तो धड येत नाही, भिंतीतून मात्र खालच्या मजल्यावरच्या आजींपर्यंत नीट पोचतो. आणि मंडळाच्या ऑर्केस्ट्रात बसवलं तर ढोलकीवाल्याच्या हाताकडे बघ, गायकाकडे नको. समेवर एकच सूर, पण वेळेवर.

विकण्याबद्दल काय सांगू? एकदा रॉड अडकलेला बेस मी गप्प राहून कळव्याच्या एका पोराला विकला. तीन आठवड्यांनी त्याचा मेसेज आला, "काका, रॉड फिरतच नाही." मी लिहिलं, "माझ्याकडे होता तेव्हा ठीक होता." रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन निम्मे पैसे परत दिले. त्याने मोजून घेतले. चहाला मात्र थांबला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी नौपाड्यात चक्कर मार. ॲलन कीचा संच आणि ट्यूनर घेऊन जा. ट्यूनरची बॅटरी बदलून ठेवतो.

तुझा,
काका