सगळी केळी एकसारखी, मग भीती कसली?

प्रश्न : आमच्या रावेर भागात जिकडेतिकडे टिश्यूकल्चरची (प्रयोगशाळेत तयार केलेल्या रोपांची) ग्रँड नैन केळीच आहे. एकच वाण लावला तर काय बिघडतं?

उत्तर : दादा, फायदा तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, सगळी बाग बरोबरीनं निसवते, घड एकसारखे, कटाई जवळपास एकदमच, व्यापारीपण खूश. पण ही सगळी रोपं म्हणजे एकाच झाडाची झेरॉक्स, त्यामुळे जो रोग एकाला लोळवतो तो सगळ्यांनाच लोळवू शकतो. आधी जगभर ग्रोस मिशेल नावाचं केळं विकलं जायचं, मातीतल्या बुरशीमुळे होणाऱ्या पनामा मर रोगानं त्याच्या बागाच्या बागा बसल्या आणि 1960 च्या आसपास कंपन्या कॅव्हेंडिश गटाकडे वळल्या, ग्रँड नैन त्यातलीच. आता त्याच बुरशीचा टीआर4 प्रकार कॅव्हेंडिशलाही धरतो, बिहारमध्ये तो सापडलाय, आणि एकदा मातीत घुसला की कित्येक वर्षं जात नाही, फवारणीचाही उपयोग नाही. आणि हो, बदल म्हणून बसराई लावाल तर तीही कॅव्हेंडिशच हं! वेगळं म्हणजे वेलची, राजेळी असलं काहीतरी, पण त्याला तुमच्याकडे गिऱ्हाईक आहे का ते आधी बघा. ही बुरशी कंदांतून आणि चिकटलेल्या मातीतून येते, म्हणून बाहेरच्या बागेतले कंद मात्र अजिबात आणू नका, ट्रॅक्टरची चाकं धुवा.