एसबीएफ (शरीरातल्या द्रवासारखं क्षारांचं द्रावण) गढूळ होतंय? आधी ट्रिस (पीएच धरून ठेवणारा बफर) कसं घालतोस ते बघ

कोकुबो या संशोधकाच्या कृतीने एसबीएफ करताना काचेचा बीकर नको, प्लॅस्टिकचाच घे. काचेवरच्या चऱ्यांवर अ‍ॅपेटाइट (कॅल्शियम फॉस्फेटचं खनिज) धरतं. 700 मिली डीआय (आयन काढलेलं) पाणी 36.5 अंशांवर आणून क्षार कृतीतल्या यादीच्या क्रमानेच टाक, आधीचा पूर्ण विरघळल्याशिवाय पुढचा नाही. कॅल्शियम क्लोराइडच्या आधी 1 मोलर एचसीएल (हायड्रोक्लोरिक आम्ल) 39 मिली गेलंच पाहिजे.

खरी गडबड ट्रिसपाशी होते. लिटरचं 6.118 ग्रॅम एकदम ओतलंस, तर तिथल्या तिथे पीएच चढून कॅल्शियम फॉस्फेट बाहेर पडतं. चिमूट-चिमूट टाक, 7.45 झाला की थांब, एचसीएलच्या थेंबांनी खाली आण. शेवटचा पीएच 7.40 सुद्धा 36.5 अंशांनाच लाव. 25 अंशांना लावलास तर गरम झाल्यावर 7.1 च्या आसपास उतरतो, ट्रिसचा स्वभावच तो. पांढुरकं दिसलं तर गाळत बसू नकोस, सरळ ओतून दे.